भाषाबदलाची हरवलेली कळ

महोदय,

मुक्त संगणकप्रणालींविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. उबुंटू या अशाच एका प्रणालीची नवी आवृत्ती चढवणे किती सोपे आहे, हे त्यांत सांगितलेले असते आणि ते खोटेही नाही. मात्र आवृत्ती चढवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय बंद पडलेले आढळते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी मुद्रितशोधनाचे काम करतो. ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबून इंग्रजीतून मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टंकनाच्या प्रमाणित कळफलकात, आणि पुन्हा इंग्रजीत जाणे मला इतके अंगवळणी पडले आहे, की दिवसात ते किती वेळा होते याचा हिशेबच राहत नाही. २०.०४ या आवृत्तीची पाच वर्षांची नेहमीची मुदत २०२५ मध्ये संपल्यामुळे मी २२.०४ वर आलो. फायली जागच्या जागी होत्या, प्रिंटर चालू होता, फक्त ही जोडकळ मुकी झाली होती. मी आधी कळफलकावर संशय घेतला आणि शेजाऱ्यांचा कळफलक आणून लावून पाहिला. तोही निर्दोष निघाला.

दोष माझ्याच एका जुन्या ओळीत होता. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांमध्ये मी कधीकाळी ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही कळफलकाची मांडणी ठरवणारी आज्ञा घालून ठेवली होती. ही आज्ञा ‘एक्स’ या चित्रप्रदर्शन यंत्रणेशी बोलते, जिची अकरावी आवृत्ती १९८७ मधील आहे. नव्या उबुंटूत तिची जागा बहुतेक संगणकांवर ‘वेलँड’ने घेतली आहे आणि तेथे कळफलकाची सूत्रे ग्नोम या, खिडक्या नि सेटिंग्ज सांभाळणाऱ्या डेस्कटॉपच्याच हाती असतात. प्रवेशाच्या पडद्यावर २०.०४ मध्ये ‘उबुंटू’ म्हणजे एक्स होते, २२.०४ मध्ये त्याच ‘उबुंटू’चा अर्थ वेलँड झाला, पाटी तीच राहिली आणि दुकान बदलले. माझी आज्ञा रोज इमानेइतबारे चालत होती, पण तिचे ऐकणारे तेथे कोणी नव्हते.

प्रवेशाच्या वेळी दातेरी चाकाच्या चिन्हावरून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ (झॉर्ग म्हणजे तीच जुनी एक्स यंत्रणा) निवडले की जुनी सोय परत मिळते आणि दोन दिवस मी तसे केलेही; परंतु उबुंटूच्या २५.१० या आवृत्तीत तो पर्यायच काढून टाकलेला असल्याने हा मुक्काम तात्पुरता आहे. कायमचा उपाय असा, की जुनी आज्ञा काढून टाकावी आणि सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात इंग्रजी व मराठी असे दोन्ही कळफलक जोडावेत. तेवढ्याने सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि स्पेसबार यांनी भाषा बदलू लागते. ज्यांना माझ्यासारखी ऑल्ट-शिफ्टची खोड आहे, त्यांची गाडी मात्र येथे अडते, कारण शॉर्टकट नोंदवण्याच्या चौकटीत केवळ अशा साहाय्यक कळांची जोडी स्वीकारली जात नाही. त्यासाठी ‘ग्नोम ट्विक्स’ हा जादा सेटिंग्जचा प्रोग्राम वेगळा बसवून, त्यातील कीबोर्डच्या अतिरिक्त पर्यायांत दुसऱ्या कळफलकाकडे जाण्याची जोडी निवडावी लागते.

वेलँडकडे वळण्याच्या निर्णयाला माझा विरोध नाही. एक्समध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा चोरून ऐकू शकतो, परवलीचा शब्दही. वेलँडमध्ये ती वाट बंद आहे. तक्रार एवढीच, की जुनी आज्ञा यापुढे निरुपयोगी आहे, हे आवृत्ती चढवताना एका ओळीनेही कळले नाही. ज्याचे सारे काम एकाच लिपीत चालते, त्याला ही कळ कधी दाबावीच लागत नाही, मग ती बिघडल्याचे त्याला कळणार कसे? म्हणून अशा अडचणी मराठीत लिहिणाऱ्यांनीच विकासकांकडे नोंदवायला हव्यात, आणि आपल्या पुरवणीनेही त्यांना थोडी जागा द्यावी, ही विनंती.

एक सूचना राहिली. कळफलक मराठीवर असताना पडदा कुलूपबंद केला, तर परवलीचा शब्द बरोबर असूनही नाकारला जातो. तेव्हा वरच्या पट्टीतील भाषेची खूण आधी पाहावी. ती न पाहिल्यामुळे माझा पाऊण तास गेला.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक, सातारा