आधी एक पान, मग क्लासची फी

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे स्टेशनपासून वाशी-नेरूळपर्यंत ‘तीन महिन्यांत फुल स्टॅक’च्या, म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि पडद्यामागची अशी दोन्ही कामे शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या दिसू लागतात. क्लास लावूच नये, असे नाही. पण पहिला हप्ता भरण्याआधी मुलांनी स्वतःच्या हाताने एक मराठी वेबपान लिहून इंटरनेटवर चढवावे. त्याला पैसे पडत नाहीत. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर फुकट आहे, साधे पान गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवता येते आणि जुना लॅपटॉपही चालतो. मोबाइलवर धडे वाचता येतील, कोड लिहायला मात्र कीबोर्डच हवा.

विषय जवळचाच घ्यावा. ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाची स्थानके घ्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. (दिघा गाव लिहायचे हमखास राहून जाते.) एचटीएमएलमध्ये एक शीर्षक, खाली क्रमवार यादी, प्रत्येक स्थानक यादीतली एक नोंद. मग सीएसएसमध्ये यादीच्या ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ला ‘देवनागरी’ हे मूल्य दिले की आकडे आपोआप १, २, ३ होतात. एवढ्याशा कामातून एचटीएमएल म्हणजे मजकुराची रचना आणि सीएसएस म्हणजे त्याचे दिसणे, हा फरक डोक्यात पक्का बसतो.

अडते ते भलतीकडेच. नोटपॅडमध्ये लिहिलेली फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ नावाने जतन होते. विंडोज नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवत असल्याने चूक दिसत नाही आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसता कोड उघडतो. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलनावांची एक्स्टेन्शन आधी दिसती करून घ्यावीत. फोटोची गंमत वेगळी. फाइलच्या नावात जेपीजी कॅपिटल अक्षरांत आणि कोडमध्ये स्मॉल असेल तर विंडोज ते चालवून घेते, गिटहबचा सर्व्हर घेत नाही. घरी दिसणारा फोटो पान चढवल्यावर गायब होतो तो यामुळे, किंवा कोडमध्ये ‘सी ड्राइव्ह’पासूनचा पत्ता लिहिल्यामुळे. नावे इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत. फोनचा तीन-चार एमबीचा फोटो तसाच न टाकता १२०० पिक्सेल रुंदीचा करून घ्यावा, तो बहुधा २०० केबीच्या आसपास येतो.

मराठी पानाच्या काही गोष्टी इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत. कोडच्या शीर्षभागात (हेडमध्ये) यूटीएफ-८, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी मेटा ओळ हवीच. ती नसली तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि तो चुकला की ‘ठाणे’च्या जागी चिन्हांचा चिवडा येतो. छपाईवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणला असेल तर मात्र ही ओळही वाचवत नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अक्षरांतल्या अंतराची. इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ दोन पिक्सेल करतात. तीच ओळ मराठी शीर्षकाला लागली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसतात. मराठीला हे अंतर शून्यच ठेवावे. उलट ‘लाइन-हाइट’ वाढवावी. इंग्रजी शीर्षकांना १.२ चालते, पण आपल्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात, म्हणून १.६च्या आसपास ठेवावी.

तसेच व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीचे धरा असे सांगणारी, मेटा ओळ विसरली तर मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून मोबाइलचे चित्र असलेले बटण दाबले की हे लॅपटॉपवरच तपासता येते. बदल दिसत नसेल तर आधी फाइल सेव्ह केली का ते पाहावे, मग पान नव्याने उघडण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबावे.

जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला कृती करायला लावणारी भाषा, यानंतर, तेही एका बटणापासून: दाबले की यादी उलटी होऊन वाशी ते ठाणे दिसावी. हे जमण्याआधी जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी असलेल्या रिअ‍ॅक्टकडे वळणारा विद्यार्थी चूक एचटीएमएल, सीएसएस की जावास्क्रिप्ट, यांतल्या कोणत्या थरात आहे हेच ओळखू शकत नाही. एआयकडून कोड जरूर घ्यावा, पण त्यातली एकेक ओळ काढून काय मोडते ते बघावे. संदर्भाला एमडीएन आणि सरावाला फ्रीकोडकॅम्प, या दोन्ही वेबसाइट फुकट आहेत.

एवढे करून क्लास लावायचाच असेल तर चौकशीला जाण्याआधी त्यांची स्वतःची वेबसाइट मोबाइलवर उघडावी आणि मराठी शीर्षकाची शिरोरेखा अखंड आहे का, ते पाहावे.

— एक वेब डिझायनर, पाचपाखाडी, ठाणे