५५८ आणि ७९२ घाईने बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी खोपोलीत राहतो आणि रेडिओ दुरुस्तीवर माझा संसार झाला. आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं प्रसारण आटोपतं घेऊन सगळं एफएमवर न्यायचं, अशी चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. देशात बऱ्याच ठिकाणी जुने प्रक्षेपक बंदही झाले. मुंबईचं अस्मिता केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर आणि पुणे केंद्र ७९२ वर आम्ही ऐकत आलो. घाटाखालच्या आणि घाटातल्या लोकांची सोय पाहिल्याशिवाय या दोन्ही केंद्रांना हात लावू नये, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना यात काय अडचण आहे ते पटकन कळणार नाही, कारण त्यांच्या घरात एफएम खणखणीत लागतं. आमच्या गावाची जागा बघा. पूर्वेला बोरघाटाची भिंत, तिच्यावर नागफणी. मुंबईच्या बाजूला माथेरान, प्रबळ, इर्शाळ अशी डोंगरांची रांग. पुण्याचं एफएम वरच्या वर लोणावळ्याकडून निघून जातं, मुंबईचं डोंगराआड अडतं. गावात मोकळ्या जागी, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर स्टेशनं लागतात, नाही असं नाही. पण डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाड्यांत गेलं की नुसती खरखर.

याचं कारण लहरीच्या लांबीत आहे. ५५८ किलोहर्ट्झची एक लहर साधारण ५३८ मीटर लांब असते. ती जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. एफएमवर ९८.३ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम तीन मीटरची. ती सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की मागे सावली पडते. त्या सावलीत तुम्ही कितीही भारी सेट नेला तरी फरक पडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, सेट बिघडलाय. सेट चांगला असतो, गिऱ्हाईक राहतं ती जागाच सावलीत असते.

आता खासगी केंद्रांचं सांगतो, कारण सिग्नलची खरी ओढाताण तिथे आहे. रेडिओच्या पट्टीवर मुंबईचे आकडे वाचा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर दोन केंद्रांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर. एकाच शहरातली दोन केंद्रं एकमेकांत घुसू नयेत म्हणून ही ८०० किलोहर्ट्झची जागा मोकळी ठेवली आहे. ती निम्मी करून आणखी केंद्रं बसवावीत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मागे केली होती. स्वस्तातल्या सेटना एवढी बारीक निवड जमत नाही, हे मी रोज बघतो. शेजारचं केंद्र जोरदार असलं की ते लांबच्या केंद्राच्या अंगावर येतं.

शहराच्या आत ही काळजी घेतली गेली. दोन शहरांच्या मध्ये राहणाऱ्यांची मात्र कोणी घेतली नाही. ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ हे चारही आकडे मुंबईतही आहेत आणि पुण्यातही. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच असेल, एकच आकडा दोन्ही शहरांत लोकांच्या तोंडी बसतो. पण खोपोलीहून जुन्या घाटाने वर चढताना शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास ९८.३ लावून पाहा. मुंबईची जाहिरात अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या वळणावर पुण्याचं गाणं चालू होतं, त्याच्या पुढच्या वळणावर परत मुंबई. मीडियम वेव्हवर एका जागी दोन स्टेशनं आली की दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतात. एफएमचा सेट तसं करत नाही. ज्याचा सिग्नल त्या क्षणी जास्त, त्याला तो धरतो आणि दुसऱ्याला पार दाबून टाकतो. गाडी दहा हात पुढे गेली की निकाल उलटा. टेम्पोवाले, ट्रकवाले कंटाळून पेन ड्राइव्ह लावतात. त्यांना मी दोष देत नाही.

या केंद्रांना परवाना शहराचा मिळतो, जाहिरातदार शहराचा असतो. परवान्याच्या अटींप्रमाणे मुंबईला २५ ते ५० किलोवॅट प्रभावी शक्ती (म्हणजे एरियलवरून प्रत्यक्ष फेकली जाणारी ताकद), पुण्याला १० ते ३०. एवढ्या ताकदीने आपल्या शहराचा कोपरा न् कोपरा झाकायचा, हा त्यांचा धंदा. आमचा भाग दोघांच्या कडेला येतो, म्हणून आकडे बदलतात तेव्हाही आम्हाला शेवटी कळतं. मुंबईत ९२.५ वर लागणारं केंद्र पुढे ९४.३ वर गेलं आणि जवळच ९२.७ वर दुसरंच आलं, तेव्हा शहरात मोठमोठे फलक लागले होते. इकडे लोक दुकानात येऊन मला विचारत होते की आमचं स्टेशन बंद पडलं का.

खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. त्यांनी बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा लावायच्या, एवढीच मुभा आहे. त्यामुळे घाटात दहा केंद्रांचे सिग्नल येत असले तरी मराठीतल्या प्रादेशिक बातम्या, हवामानाचा इशारा, शेतीचा सल्ला हे सगळं आकाशवाणीवरच येऊन थांबतं. म्हणून ५५८ आणि ७९२ गेल्यावर आमच्याकडे नेमकं काय कमी होईल, याचा विचार नुसती केंद्रं मोजून करता येणार नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वीज गेली, मागोमाग मोबाइलचे टॉवर गेले. तेव्हा लॉकडाऊन होता, दुकान बंद होतं, तरी लोक माळ्यावरचे जुने सेट पिशवीत घालून माझ्या घरी येत होते. बहुतेक सेटांत एकच बिघाड. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल फुटून पाणी झालेलं, त्याने सेलच्या घरातली स्प्रिंग हिरवी पडून गंजलेली. लिंबाच्या फोडीने गंज घासायचा, पॉलिश पेपर मारायचा, नवीन स्प्रिंग डाग देऊन बसवायची, की सेट बोलायला लागायचा. तो बोलायचा मीडियम वेव्हवर. दोन सेलवर आठवडे निघतात, टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रेडिओ असता तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तशाच डोंगराखाली अजून कितीतरी ठाकर-कातकरी वाड्या आहेत. तिथे फोनला रेंज नाही आणि एफएम सावलीत जातं. मोठ्या पावसाचा इशारा त्या घरात पोहोचवणारी एक तरी वाट आपण उघडी ठेवायला नको का? ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर सगळी केंद्रं ऐकता येतात, असं उत्तर मला मिळतं. ॲपला इंटरनेट लागतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवा, अशी सूचना केली, ती चांगलीच होती. पण फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच एरियल असते आणि बऱ्याच नवीन फोनांना ती वायर लावायचं भोकच नसतं. शिवाय एफएम म्हटलं की डोंगराचा प्रश्न पुन्हा आलाच.

मीडियम वेव्हचे दोष मला चांगले माहीत आहेत, तेही लिहितो. आवाज एफएमसारखा स्वच्छ नाही. रात्री लांबची केंद्रं मध्ये घुसतात. हल्लीचे स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांनी पट्टीवर नुसती गरगर होते, घरातला एक दिवा बंद केला की स्टेशन स्वच्छ लागतं, असा अनुभव गिऱ्हाइकांना मी समोर करून दाखवतो. मालाड आणि हडपसरच्या शंभर किलोवॅटच्या प्रक्षेपकांना वीज भरपूर लागते आणि त्यांचे सुटे भाग मिळणं सोपं राहिलेलं नाही. एफएमकडे जायचं कारण मला समजतं. मी विरोध करतो तो आधी बंद करून मग बघू, या पद्धतीला.

बदल नीट कसा करता येतो ते मी तरुणपणी पाहिलं आहे. २३ नोव्हेंबर १९७८ ला, जिनिव्हात ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मीडियम वेव्ह केंद्रांची फेरमांडणी झाली. सगळे आकडे नऊच्या पटीत आले. आजही ५५८ ला नऊने भागा, ६२ येतात. ७९२ ला भागा, ८८ येतात. मी तेव्हा दुकानात हाताखाली काम करत होतो. काही केंद्रं पट्टीवर काट्याच्या जाडीएवढी सरकली, बऱ्याच लोकांना कळलंही नाही. इतक्या देशांनी मिळून एक तारीख धरली आणि आधी ठरवून बदल पार पाडला. आज आपल्याला एका घाटाचा हिशोब करायचा आहे.

त्याच नऊच्या पाढ्यावरून एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची सांगतो. अमेरिकेतल्या मुलाने, भाच्याने आईवडिलांना आकडे दिसणारा छान रेडिओ पाठवलेला असतो आणि त्यावर आपलं केंद्र नीट लागत नाही. अमेरिकेत मीडियम वेव्ह दहाच्या पायरीने चालते. त्यामुळे तो सेट ५५० वरून ५६० वर उडी मारतो, ७९० वरून ८०० वर जातो. ५५८ आणि ७९२ त्याला सापडतच नाहीत, बाजूला अडकून घोगरा आवाज येतो. बऱ्याच सेटांत हे बदलता येतं. काहींना मागे बारीक खटका असतो, काहींत सेट बंद असताना एक बटण दाबून धरावं लागतं. पायरी नऊवर आणा आणि मग सेट हळूहळू गोल फिरवा. आत काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली कॉइल हीच त्याची एरियल, ती केंद्राला आडवी आली की आवाज भरतो. गिऱ्हाइकाच्या घरी मी सेटच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढून देतो, मुंबईसाठी एक, पुण्यासाठी एक.

माझी मागणी मोठी नाही. आकाशवाणीने खालापूर, कर्जत, सुधागड, मावळ आणि मुळशी या तालुक्यांत सिग्नल मोजावा. गाडीरस्त्यावर मोजून परत जाऊ नये, वाडीत उतरून, घराच्या आत मोजावा आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. २८ एप्रिल २०२३ ला देशभरात शंभर वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. तसा एखादा खोपोली-कर्जतच्या खोऱ्यासाठी घाटाच्या कड्यावर, खाली तोंड करून बसवला आणि त्यावर मराठी केंद्र दिलं, तर आमचं काम होईल. खोऱ्याला शंभर वॅट पुष्कळ होतात. माणदेशात म्हसवडला सामुदायिक केंद्र एवढ्याच ताकदीच्या मर्यादेत कितीतरी वर्षं ९०.४ वर चालू आहे. फक्त आकडा देताना तो मुंबईतही नको आणि पुण्यातही नको. असा प्रक्षेपक वर्षभर, एक पावसाळा धरून, नीट चालला की मगच ५५८ आणि ७९२ चा विचार करावा. तेव्हाही नवा आकडा जुन्या जागेवरून रोज, बातम्यांच्या आधी, महिनोन्‌महिने सांगत राहावा. म्हातारी माणसं फलक वाचायला शहरात जात नाहीत.

मोजणीला अभियंते येणार असतील तर कुठल्या वाडीत सावली पडते ते दाखवायला मी बरोबर येतो, माझा सेटही घेऊन येतो. मात्र त्यांनी मे महिन्याच्या आत यावं, पाऊस लागला की वरच्या वाड्यांच्या पायवाटा निसरड्या होतात.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक,
खोपोली, ता. खालापूर, जि. रायगड