तरुण पोरांची धडधड ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये ईसीजी काढायचं काम करते. पूर्वी आमच्याकडे बहुतेक पन्नाशीच्या पुढचेच लोक यायचे, आता विशी-बाविशीची पोरं-पोरी पण येतात, आणि जिममध्ये किंवा गरबा खेळताना कुणी कोसळल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरला की दुसऱ्या दिवशी हमखास येतात. छातीला लीड लावता लावता विचारतात, “मॅडम, अटॅक तर नाही ना?” कुणी म्हणतं कोविडच्या लसीमुळे होतंय का. आयसीएमआरने १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये सांगितलंय की लसीमुळे धोका वाढलेला दिसत नाही, पण घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत खूप दारू पिणं किंवा अंगाबाहेरचा व्यायाम करणं यांचा संबंध दिसतो. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

बऱ्याच जणांना काही गंभीर नसतं, हे आधी सांगते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो, रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर तर जास्तच. निरोगी हृदयात पण हे होतं. तसंच श्वास आत घेताना ठोके वाढतात आणि सोडताना कमी होतात, तरुण वयात हे एकदम नॉर्मल आहे, पण आमचं मशीन पट्टीवर ‘सायनस अॅरिथमिया’ असं छापून देतं, पोरं त्याचा फोटो काढून गुगल करतात आणि डॉक्टरांची सही व्हायच्या आत रडकुंडीला येतात.

कारणं पण पुष्कळदा साधी असतात. अभ्यासिकेत रात्र रात्र जागायचं, जेवण मेसचं, वर चहावर चहा आणि एनर्जी ड्रिंक, २५० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि पोरं दोन-दोन पितात. मुलींमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन आठवर असेल तर जिना चढला तरी छाती धडधडणारच. थायरॉईड वाढलेलं, ताप, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, यानेही होतं. म्हणून रक्ताची सीबीसी आणि थायरॉईडची टीएसएच या दोन साध्या टेस्ट करून घ्या, त्यातच निम्मा उलगडा होऊन जातो.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. काही जणांची धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते. नुसतं बसलेलं असताना ठोके मिनिटाला १८०-२०० वर जातात, गळ्यात उडतंय असं वाटतं. याला एसव्हीटी म्हणतात. दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असतं, ईसीजी नॉर्मल येतो आणि पोरगी असेल तर ठरलेलं वाक्य, टेन्शन घेऊ नकोस. आमच्याकडे अशी एक कॉलेजची मुलगी यायची, घरचे म्हणायचे लग्नाचा विषय काढला की हिला होतं. एकदा नशिबाने धडधड चालू असतानाच तिला आणलं. पट्टी बाहेर आली ती सगळी एका मापाची, गच्च, ठोके १९० च्या वर. डॉक्टरांनी तिला सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोरात फुंकायला लावलं, मग लगेच आडवं करून पाय वर धरले, आणि आमच्या डोळ्यांदेखत पट्टी सुटी झाली. ही पद्धत ब्रिटनमध्ये २०१५ साली तपासली होती, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के लोकांचं थांबलं होतं, पाय वर केल्यावर ४३ टक्के. पुढे त्या मुलीचं अॅब्लेशन झालं, म्हणजे पायाच्या शिरेतून तार नेऊन ज्यामुळे ही धडधड होते तो हृदयातला विजेचा जादा रस्ता बंद केला. आता बरी आहे. इतके दिवस नाटकं म्हणून ऐकून घेतलं त्या पोरीने, हे मला अजून खुपतं.

म्हणून एवढं करा, धडधड चालू असतानाच जवळ जिथे ईसीजी होतो तिथे गाठा, बंद व्हायची वाट बघू नका. ते जमत नसेल तर कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावा आणि त्यावरच्या ठोक्यांच्या आकड्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आणि पळताना चक्कर येऊन पडणं, व्यायाम चालू असतानाच धडधडणं किंवा छातीत दुखणं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर ‘उपाशी पळाला म्हणून झालं’ म्हणू नका. हृदयाचा स्नायू जाड होणं किंवा लाँग क्यूटी (हृदयाच्या विजेतला दोष) यांसारखे आजार असेच दिसतात आणि घराण्यात चालतात. गावात म्हणतात ना, ती विहीर माणूस घेते. पट्टीचा पोहणारा बुडाला असेल तर त्याच्या भावंडांचा ईसीजी काढा हो, काही लाँग क्यूटीत पोहतानाच ठोका बिघडतो.

आता पोलीस भरतीचं. मुलगे १६०० मीटर, मुली ८०० मीटर जीव तोडून पळतात आणि मेडिकल होतं निवड झाल्यावर. म्हणजे पळण्याआधी हृदय कुणी बघतच नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजी सक्तीचा आहे, तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळपास ८९ टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदलं गेलंय. ईसीजीत सगळंच सापडतं असं नाही, कधी उगाच शंका पण निघते, पण बरंचसं सापडतं आणि खर्च काही शेकड्यांचा. २०२१ मध्ये झालेल्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन मैदानात कोसळला तेव्हा छाती दाबणारी माणसं आणि शॉक द्यायचं मशीन जागेवर होतं म्हणून तो वाचला, आणि पुढे पुन्हा खेळला पण.

गृह विभागाने मैदानी चाचणीच्या आधी ईसीजी आणि घरच्या आजारांची विचारपूस सक्तीची करावी, प्रत्येक मैदानावर शॉक द्यायचं मशीन आणि सीपीआर म्हणजे छाती दाबणं येणारा माणूस ठेवावा, आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या ॲकॅडमीवाल्यांनी भरतीची वाट न बघता पोरांचा ईसीजी आधीच काढून घ्यावा. आपल्या पेपरने याचा पाठपुरावा करावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक ईसीजी टेक्निशियन, जि. सातारा