उजवा कान

स्टुटगार्ट
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, "कानामागं तीट कुणी लावली गं तुला?" आणि मी हसून विषय बदलला. ती तीट नव्हती. हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सुटत होतं, ते गालाला, कानामागं, उशीच्या अभ्र्याला चिकटत होतं. पुढचं सगळं फोनवर सांगायला गेले असते तर आईनं मध्येच "जेवलीस का" विचारलं असतं आणि बाबांनी "वायर तुटली असंल, जोड की" म्हणून फोन ओम्याच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेच. हे पत्र ओम्यानं आजीलाही वाचून दाखवावं. तिच्या डाव्या हाताला बसून, आणि न ओरडता.

हेडफोन २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला. खोक्यावर '७.१ सराउंड', म्हणजे भोवती सात स्पीकर असल्यासारखा आवाज, असं दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत छापलेलं. बाबा, ती चैन नव्हती. इथं रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही असा दंडक आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई पावणेदहालाच छताकडं बघायला लागतात. शनिवारी रात्री ओम्याबरोबर लॅपटॉपवर ऑनलाइन गेम खेळायचं तर कानात काहीतरी घालणं आलंच. शिवाय आमच्या खेळात डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. भिंतीपलीकडून कोण येतंय, जिन्यावर आहे की मागच्या दाराला, हे पावलांवरून ओळखायचं असतं.

पाच वर्षं रोज वापरल्यावर आधी गाद्या गेल्या. ते चामडं नसतंच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम, दमट हवा आणि अंगाचं तेल लागून लागून तो आतून विघटतो आणि पापुद्रे निघतात. दुकानातल्या तुमच्या फिरत्या खुर्चीचं जे झालं तेच. गादी चेपली की कानाभोवती फट राहते आणि तिथून खर्जाचा आवाज आधी निसटतो. मला वाटत होतं खेळच बेचव झालाय.

मग ऑगस्टच्या शेवटी उजवा कान गेला. केबल डाव्या वाटीत शिरते आणि उजव्यासाठीच्या तारा डोक्यावरच्या पट्टीतून पलीकडं जातात. बिजागरीपाशी पाच वर्षं उघडमीट झाली, तिथं तुटल्या. पहिल्या रात्री वाटलं, एका कानानं काय बिघडतं, आवाज तर येतोय. पण सगळी पावलं डावीकडंच! मी डावीकडं वळायची आणि मार उजवीकडून खायची. ओम्या ओरडतोय, "ताई, मागं, मागं!" आणि मला तर मागं कुणी ऐकूच येत नाही. म्हणजे ऐकू येतंय, पण मागचं म्हणून येत नाही.

तिसऱ्या का चौथ्या डावाला हात तसेच राहिले. मला आपलं अंगण दिसलं. आजी तुळशीपाशी घेवडा मोडत बसलीय आणि आम्ही दोघं तिला हाका मारतोय, मी मोरीमागून, ओम्या फाटकापाशी. कुठूनही हाक मारली तरी ती डावीकडं, रस्त्याकडं बघायची. "कुठं मेलीस गं?" म्हणायची आणि आम्ही लोळून हसायचो. लहानपणी कान फुटून तिचा उजवा गेलाय हे आम्हाला माहीत होतं. पण हाक मारली की ऐकू तर येतं, मग झालं, अशी आमची अक्कल. मला वाटायचं ती आमची गंमत करतेय.

आणि मारुती चौकात रस्ता ओलांडताना ती माझं मनगट इतकं आवळून धरायची की बांगडीचा वळ उठायचा. मी वैतागायची. स्कूटरचा हॉर्न तिला स्पष्ट ऐकू यायचा, ती कुठल्या अंगानं येतेय तेवढंच कळायचं नाही.

बाबा, त्याचं कारण सोपं आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला जरा उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि डोकं तर वीतभर. म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर हा उशीर त्यातल्या एका भागाच्याही आतला. शिवाय पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते, वरच्या पट्टीतले आवाज तिथं मंद होतात. मेंदू दोन्ही कानांचा मेळ घालून दिशा सांगतो. एकच कान असेल तर मेळ घालायचा कशाशी?

मी त्यावर काय शहाणपणा केला, तर डाव्या कानातला आवाज वाढवत नेला. सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितलीय. ओम्या, तुझ्या हेडफोनमधलं आईला स्वयंपाकघरात ऐकू येतं, तेव्हा तू हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

बाबा, तुम्ही म्हणालात तसं जोडूनही बघितलं. इथं रिपेअर कॅफे म्हणून प्रकार असतो. तो २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाला, आता गावोगाव आहे. महिन्यातून एकदा निवृत्त मंडळी हत्यारं घेऊन बसतात, तुम्ही मोडकी वस्तू न्यायची, ते शेजारी बसवून दुरुस्त करतात. चहा-केक असतो, पैसे डब्यात मनाला येतील तेवढे. माझ्या वाट्याला आलेल्या आजोबांनी पट्टी उघडली. केसासारख्या तारा, तांबड्या-हिरव्या, प्रत्येकीवर इनॅमलचा पातळ लेप. ते सोल्डर लावताहेत आणि ते पाऱ्यासारखं घरंगळतंय. मी म्हटलं, आधी इनॅमल जाळा नाहीतर खरवडा, त्याशिवाय धरणार नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. २०१९ च्या पुरानंतर आपल्या दुकानात शेतावरच्या मोटारींचा ढीग लागला होता आणि तारेची टोकं खरवडायचं काम माझ्याकडं होतं, एवढं सगळं जर्मनमध्ये सांगता येईना. "माझे वडील मोटर वाइंडिंग करतात" इतकंच म्हणाले. मग पुढचा जोड त्यांनी मलाच मारायला दिला.

अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी माझ्या जोडापासून अर्ध्या इंचावर तार पुन्हा तुटली. जोड मात्र पक्का होता, हे तुमच्या समाधानासाठी.

आता तुमचा प्रश्न: दोन कानांना सात स्पीकर कशाला? वाटी उघडल्यावर कळलं, सात नव्हतेच. प्रत्येक वाटीत एक, ५० मिलिमीटरचा. ७.१ म्हणजे माणसाभोवती सात स्पीकर आणि खर्जाचा एक वेगळा. खोलीत ते खरोखर ठेवतात. एका वाटीत तीन-चार छोटे स्पीकर बसवलेले हेडफोनही निघालेत, पण इतक्याशा जागेत ते दाटीवाटीनं बसतात आणि मानेवर वजन येतं ते वेगळंच. बहुतेक ठिकाणी ते काम सॉफ्टवेअर करतं. कृत्रिम डोक्याच्या कानांत माइक बसवून, चहूबाजूंनी आवाज करून मोजमाप घेतात. तो उशीर, ती सावली, आणि कानाच्या पाळीच्या घड्यांमुळं आवाजात होणारा बदल. पुढचं-मागचं, वरचं-खालचं आपल्याला मुख्यतः त्या घड्यांवरून कळतं. मग तेच सगळं हिशेबानं दोन स्पीकरमध्ये घालतात. फक्त कान ज्याचे त्याचे, माप दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या मापावर शिवलेला ब्लाउज जसा कुणाला बसतो, कुणाला काखेत काचतो, तसं. मला त्यात मागचा माणूस पुष्कळदा पुढं वाटायचा.

आणखी एक. ही सोय बऱ्याच खेळांत आतच असते, विंडोजमध्येही विंडोज सॉनिक फुकट मिळतं. त्यावर हेडफोनचं ७.१ चालू केलं की फोडणीवर फोडणी. आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. पाच वर्षं मी दोन्ही चालू ठेवून खेळले, आणि ओम्यालाही तेच करायला लावलं. ओम्या, आजपासून एकच ठेव.

म्हणून ठरवलं, या खेपेला खोक्यावर आकडे नकोत. दोन चांगले स्पीकर, बदलता येतील अशा गाद्या आणि काढता येणारी केबल. काल बायरडायनॅमिकचे साधे स्टिरिओ हेडफोन आणले. ही कंपनी १९२४ साली बर्लिनमध्ये सुरू झाली, १९३७ मध्ये त्यांनी हेडफोन काढले, आणि आता कंपनीचं मुख्य ठाणं हाइलब्रॉनला आहे. हाइलब्रॉन इथून सांगली-कोल्हापूर एवढंच लांब. गाद्या कापडी मखमलीच्या, त्यामुळं आता तीट नाही. वाट्यांची मागची बाजू जाळीची आहे. कान तापत नाहीत आणि आवाज डोक्यात कोंडत नाही. थोडा बाहेर झिरपतो, पण मी एकटीच राहते आणि खालच्या बाईंपर्यंत तो पोचत नाही. ४८ ओहमचे आहेत, लॅपटॉपवर नीट चालतात. याच कंपनीचे २५० ओहमचेही असतात, पण त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा लागतो. माइक यात नाही, तो कॉलरला लावायचा वेगळा घेतला. किंमत लिहीत नाही. आई युरोला रुपयांनी गुणणार आणि मग आठवडाभर फोनवर तोच विषय.

दुकानात ऐकून बघायची सोय होती. तिथल्या पोरानं दणदणाट असलेलं काहीतरी लावलं. मी फोनमधलं आईच्या रियाजाचं रेकॉर्डिंग लावलं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढून आणल्यानंतरचं. जुन्या हेडफोनमध्ये तंबोरा नुसता घूं करायचा. इथं तार छेडल्यावर जवारीचा तो झणत्कार वर उमलत गेलेला ऐकू आला. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि मी दुकानात मान वळवून मागं बघितलं. तो पोरगाही बघायला लागला, काय झालं म्हणून. तिथंच पैसे दिले.

आजी, आता तुझ्याशी. मोरीमागून हाका मारल्या त्याबद्दल कान पकडते, दोन्ही. तुझा डावा कान गेल्या दिवाळीत जरा मंद वाटत होता. टीव्हीचा आवाज बाबा सारखा कमी करतात म्हणून तू रुसली होतीस. डाव्यावरच सगळा भार आहे. मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन तपासून घे. एका बाजूचं ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रही असतं. न ऐकणाऱ्या कानावर छोटा माइक, तो आवाज चांगल्या कानाकडं पाठवतो. त्यानं दिशा पहिल्यासारखी कळणार नाही, हे आधीच सांगते, पण उजवीकडं बसून कुणी बोललं तर ऐकू येईल. बाबा, "तिला आता सवय झालीय" असं म्हणू नका. मला दोन महिन्यांत झाली नाही.

ओम्या, इथं २६ ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागं गेली, त्यामुळं साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालंय. मी आठला बसले की तुझे साडेबारा वाजतात आणि बाबा बाहेरून दिवा बंद करतात. शनिवारी मी पाचलाच बसते. तुझे साडेनऊ, जेवण उरकून ये.

मोडका हेडफोन दुकानवाल्यांना परत घ्यावा लागतो, ४०० चौरस मीटर किंवा जास्त जागेवर विजेच्या वस्तू विकणाऱ्यांना इथं तसा कायदाच आहे. आज रविवार, सगळं बंद. उद्या नेऊन देते. पण उजव्या वाटीतला स्पीकर काढून ठेवलाय. तो बिचारा धडधाकट आहे, तारच तुटली होती. आत तुमच्या मोटारीसारखंच, बाबा: चुंबक आणि तारेचं वेटोळं. वेटोळं इतकं बारीक की तुमच्या चष्म्याला जमतंय का ते बघायचंय. येताना आणते.

तुमची,
मनू

ता. क. भडंग संपलं. कुरियरनं पाठवलं तर इथं पोचेपर्यंत मऊ पडतं, तेव्हा राहू दे.