६० लिटरच्या पिंपाबद्दल तक्रार: नळ पितळी, 'फूड ग्रेड' फक्त जाहिरातीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आंबवणीसाठी घेतलेल्या पिंपातील दोष, माहितीपत्रकातील धोकादायक सूचना आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या पिंपातले ४० लिटर व्हिनेगर मी परवा मोरीत ओतून दिले. तीन महिन्यांची मेहनत होती. फोनवर दोनदा सांगून झाले, ईमेलही केला. उत्तरे आली ती 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या पलीकडे फारशी सरकली नाहीत. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी बरीच वर्षे घरी फळांच्या रसाचे व्हिनेगर करते आणि फुलांचा अर्क काढते. आतापर्यंत काचेच्या मोठ्या बरण्यांवर भागत होते, पण भरलेली बरणी उचलणे आता जमत नाही. ४० लिटर रस म्हणजे भांड्याचे वजन सोडून ४० किलोहून जास्तच. म्हणून खाली नळ असलेले, रुंद तोंडाचे पिंप हवे होते. तोंड रुंद हवे ते उगीच नाही. साखरेचे मद्य होईपर्यंत झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) लागतो, पण मद्याचे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना भरपूर हवा लागते. तेव्हा झाकण काढून फडके बांधावे लागते. आपले पिंप दोन्हीला चालेल असे वाटले. जाहिरातीत 'फूड ग्रेड प्लॅस्टिक, संपूर्ण स्टेनलेस स्टीलचा नळ' असे स्पष्ट लिहिले होते.

तीन आठवडे रस छान उकळ्या मारत होता. मग फडके बांधले, वर साय धरली, वासही हवा तसा आंबट येऊ लागला. दोन महिन्यांनी चव बघायला नळ सोडला तर पहिली धार हिरवट-निळसर. जिभेला लावले आणि तोंड कडूझार झाले. कळकलेल्या ताकाची चव ज्याने घेतली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

पिंप रिकामे करून नळ काढला. बाहेरून चकचकीत. आतल्या बाजूला, जिथे नट पिंपाच्या भिंतीला टेकतो, तिथे हिरवी पूड जमलेली. कानशीने नट हलकेच घासला, तर पांढऱ्या मुलाम्याखाली पिवळेधमक पितळ. (लोहचुंबक आधीच लावून पाहिला होता, तो चिकटला नाही. पण त्यावरून काही ठरत नाही, कारण चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलही बहुतेक वेळा चुंबकाला चिकटत नाही आणि पितळ तर नाहीच नाही.) मुलामा आटे कसताना खरवडला गेला असणार. पुढचे काम अॅसिटिक आम्लाने केले. फोटो सोबत जोडले आहेत.

यावर आपल्या प्रतिनिधीने मला दिलेले उत्तर इथे मुद्दाम नोंदवते: 'मॅडम, अर्क काढायची भांडी तांब्याचीच असतात, मग तांबे-पितळ वाईट कसे?' हा युक्तिवाद ऐकून मी क्षणभर गप्पच झाले. माझे स्वतःचे अर्काचे भांडे तांब्याचे आहे. त्यात वाफ काही तास फिरते, काम झाले की भांडे घासून लख्ख करून कोरडे ठेवायचे असते. तांबे तिथे वापरतात, कारण ते उष्णता पटकन पसरवते आणि वाफेतली गंधकाची दुर्गंधी धरून ठेवते. तुमचा नट मात्र आम्लात दोन महिने बुडून होता. या दोन गोष्टी एक नाहीत, हे आंबवणीची भांडी विकणाऱ्याला ग्राहकाने सांगायची वेळ यावी?

आता प्लॅस्टिकबद्दल. पिंप आले त्या दिवशी कोमट पाण्याने भरून, झाकण लावून रात्रभर ठेवले होते. सकाळी पाण्याला नव्या ताडपत्रीसारखा वास. दोनदा धुतल्यावर वास गेला आणि मी पिंप वापरले. तेव्हाच परत पाठवायला हवे होते, ही चूक माझी. नंतर मी विचारले की हे प्लॅस्टिक अन्नासाठीचे आहे याचा पुरावा काय? उत्तर आले, 'तळाशी त्रिकोणात २ आकडा आहे, म्हणजे फूड ग्रेड.' तसे नसते. त्या आकड्यावरून पिंप एचडीपीई जातीच्या प्लॅस्टिकचे आहे एवढेच कळते. ही आकड्यांची पद्धत १९८८ साली सुरू झाली ती पुनर्वापरासाठी प्लॅस्टिक वेगळे करता यावे म्हणून. फिनेलच्या डब्यावरही २ असू शकतो. त्यात कोणता रंग घातला, साच्यातून सुटावे म्हणून काय लावले, आधी वापरलेले प्लॅस्टिक वितळवून मिसळले का, हे आकडा सांगत नाही. अन्नासाठी चालणाऱ्या वस्तूंवर असते ते पेला आणि काट्याचे चिन्ह मी पिंप उलटेपालटे करून शोधले. नाही. उत्पादकाचे लेखी प्रमाणपत्र असेल तर दाखवा, मी हा मुद्दा मागे घेईन.

पिंपावरच्या लिटरच्या खुणांचे थोडक्यात सांगते. लिटरच्या मापाने मोजून ४० मापे पाणी ओतले, तर पिंपावरची रेघ ४३ दाखवते. साखर आणि यीस्ट लिटरच्या हिशेबाने घालणाऱ्याचा सगळा हिशेब यात चुकतो.

पण सर्वांत गंभीर बाब माहितीपत्रकाची आहे, आणि नुकसान भरपाई बाजूला ठेवली तरी ती आजच्या आज दुरुस्त व्हायला हवी. त्यात लिहिले आहे, 'हवा राहू नये म्हणून पिंप काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे.' ४० लिटर रसात लिटरमागे १०० ग्रॅम साखर धरली तर एकूण ४ किलो होते. ती पूर्ण आंबली की जवळजवळ २ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे १,००० लिटर वायू. काठोकाठ भरलेल्या पिंपात फेस चढून एअरलॉकमध्ये चोथा अडकणारच. मग हा वायू जाणार कुठून? झाकण छताला तरी लागेल नाहीतर कोणाच्या तोंडाला. मी नेहमीच्या सवयीने वर बरीच जागा मोकळी सोडली म्हणून वाचले. नवखा माणूस छापील सूचनेवरच विश्वास ठेवणार.

त्याच पानावर पुढे आहे, 'हीटर बसवून याच पिंपात ऊर्ध्वपातनही करता येते.' हे लिहिणाऱ्याने पिंपात उकळते पाणी कधी ओतून पाहिले आहे का? हे प्लॅस्टिक साधारण १३० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. हीटरची कांडी पाण्याबाहेर उघडी पडली तर तिला १३० अंश गाठायला वेळ लागत नाही. ४० लिटर उकळत्या पाण्याखाली तळ फुगला की काय होईल, याची कल्पना करवत नाही. त्यात कोणी मद्य गाळायला बसला, तर पेट घेणारी वाफ आणि शेजारीच हीटर. अनेक देशांत परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, तो मुद्दा आणखी निराळा. अर्क काढायचे भांडे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवे आणि गरम वाफेच्या वाटेत प्लॅस्टिक कुठेही नको.

माझी मागणी अशी. पिंपाची पूर्ण रक्कम आणि वाया गेलेल्या रसाचा खर्च १५ दिवसांत परत करावा. बदली पिंप किंवा पुढच्या खरेदीवर सवलत मला नको आहे. माहितीपत्रकातल्या वरील दोन्ही सूचना काढून टाकाव्यात, आणि ज्यांनी हे पिंप घेतले आहे त्या सर्वांना नळाबद्दल कळवावे. त्यांच्यातल्या कोणाकडे आत्ता या क्षणी व्हिनेगर मुरत असेल. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन.

पिंप धुऊन कोरडे करून ठेवले आहे. नळ मात्र मी माझ्याकडेच ठेवणार आहे, पुरावा म्हणून. पिंप न्यायला माणूस पाठवाल तर आदल्या दिवशी कळवा.

आपली,
(सही)
नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.
सोबत: पावतीची प्रत, नळाचे ४ फोटो, माहितीपत्रकाच्या पानाची प्रत