तिसरा रकाना कोरा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याकडून

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

यंदा माझ्याकडे समाजकार्याचे चार विद्यार्थी क्षेत्रकार्याला आले आहेत. पहिल्याच आयसीला, म्हणजे एकेकाशी स्वतंत्रपणे होणाऱ्या बैठकीला, एकीने रेकॉर्डिंगची, म्हणजे भेटींच्या नोंदींची, वही पुढे सरकवली आणि मला तुमची पेन्सिल आठवली. आभार मानायला फार उशीर झालाय, पण मानायचेच आहेत.

माझ्या वहीत तीन रकाने असायचे: काय बोलणं झालं, मी त्याचा काय अर्थ लावला, आणि त्या वेळी मला काय वाटलं. तिसरा मी सहा आठवडे कोरा ठेवला. पहिल्यात ‘कुटुंबाने सहकार्य केले’ असली गुळगुळीत वाक्यं. तुम्ही ‘सहकार्य’खाली बारीक रेघ ओढलीत आणि विचारलंत, “म्हणजे त्या बाई नेमकं काय बोलल्या?” मला चांगलं आठवत होतं, सांगवत नव्हतं. त्या ‘परत येऊ नका’ म्हणाल्या होत्या आणि मी घाबरून विषय बदलला होता. तुम्ही वाट पाहिलीत. बराच वेळ. मी बोलल्यावर एवढंच म्हणालात, “हे लिही. यावर आपल्याला काम करता येईल.”

समाजकार्याचे अभ्यासक अल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली पर्यवेक्षणाची तीन अंगं, प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधाराचं, परीक्षेपुरती सगळ्यांनाच पाठ असतात. मला ती एका तासात दिसली. एका मुलाच्या अंगावरचे वळ मी पाचव्या पानावर, दोन ओळींत उरकले होते. तुम्ही वाचता वाचता थांबलात. आधी संस्थेच्या प्रमुखांना फोन करायला लावलात. ती गोष्ट मी इतकी आत का दडवली, यावर त्यानंतर बोललात. आणि माझे हात थरथरताहेत हे दिसल्यावर वही मिटून बाजूला ठेवलीत. हा क्रम मी आजही मोडत नाही.

वर्गातलं ते नाटकही विसरलो नाही. मी पर्यवेक्षक, तुम्ही विद्यार्थिनी. “तुमच्यासारखं कोणी समजावूनच सांगत नाही हो सर!” मी असा काही फुललो की रेकॉर्डिंग मागायचंच राहिलं. सगळा वर्ग हसला. पर्यवेक्षणात खेळल्या जाणाऱ्या अशा डावांवर कडुशिन यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पर्यवेक्षकही डाव टाकतात, हेही: उत्तर माहीत नसलं की प्रश्नाला प्रश्न! (हा मी अजून टाकतो. क्षमस्व.)

सगळ्यात जास्त आभार मात्र पहिल्या दिवशीच्या एका वाक्याचे. “तुझे गुण मीच देणार आहे, त्यामुळे तू मला सगळं सांगणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.” पर्यवेक्षणात विश्वास हवा, मोकळेपणा हवा, असं सगळेच शिकवतात. हातात गुणपत्रिका आहे हे आधी टेबलावर ठेवणारं तुमच्याखेरीज मला कोणी भेटलं नाही. मीही या चौघांना ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सांगताना जीभ अडखळली.

त्या मुलीच्या वहीतला तिसरा रकाना कोरा आहे. मी पेन्सिलने एक रेघ ओढलीय. गुरुवारी ती येईल.

आपला विद्यार्थी