चर खणण्याआधी माळ बघायला हवा होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे चराईच्या सरकारी माळावर, झालेल्या वृक्षलागवडीची बातमी काल आपण पहिल्या पानावर छापली. रोपाभोवती उभे पाहुणे, मोठा फोटो, आणि हा माळ आता हिरवागार होणार, असं वाक्य. साहेब, तो माळ हिरवाच होता. चांगला पाऊस झाला की मारवेल आणि पवन्या गवत तिथे गुडघ्याला लागतं. गावातली मोजकी माणसं वर्षानुवर्षं तो राखतात. त्यांचा उल्लेख बातमीत एका ओळीतही नाही, तेही सोडून देऊ. पण झाडं जिथे लावली ती जागाच चुकीची आहे, हे कोणी तरी लिहायला नको का?

गवत राखायला काय लागतं ते आमच्या बायकांना विचारा. हा माळ चरून चरून नुसता मुरूम उरला होता, तेव्हा त्यांनी ओटीत बी घेऊन मारवेल पेरला. पावसाळाभर ढोरं आत जाऊ द्यायची नाहीत, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं. कापणी दिवाळीनंतर, बी झडल्यावरच, आणि तीही मधे मधे पट्टे सोडून. आग आत येऊ नये म्हणून होळीच्या आत कडेने जाळपट्टा काढायचा. उन्हाळ्यात रस्त्यावरून कोणी बिडीचं थोटूक फेकलं की निंबाच्या डहाळ्या घेऊन धावत सुटायचं. याची मजुरी कोणी दिली नाही, आम्ही मागितलीही नाही.

जूनमध्ये जेसीबी आला आणि लागवडीसाठी माळावर आडवे चर पडू लागले. मी धावत गेलो तेव्हा निम्मा माळ उकरून झाला होता. एका चराच्या काठावर मारवेलाचं अख्खं ठोंब उलटं पडलं होतं, मुळ्या वर, मुळ्यांत धरलेली मूठभर माती अजून ओली. मुरमाड जागेवर तेवढी माती साठवायला गवताला किती पावसाळे लागतात! ती चराच्या तळाला गेली आणि वर आला पिवळा मुरूम. मशीनवरच्या पोराला थांब म्हटलं तर तो म्हणाला, "काका, मले काय सांगता, सायबाले सांगा." त्याचं काही चुकलं नाही. साहेबांना सांगितलं, तर त्यांनी चारचौघांत मलाच विचारलं, "निसर्गाचं काम करता म्हणता आणि झाडांना विरोध करता?" लोक हसले. ते हसू मी विसरलेलो नाही.

झाडांना माझा विरोध नाही. नाल्याच्या काठाला, पांदणीला, शाळेच्या आवारात निंब, चिंच, मोह लावा, खड्डे खणायला मी स्वतः येतो. पण गवताळ माळावर ओळीने गिरिपुष्प लावलं तर तिथलं जे आहे ते जाईल. तणमोर हा माळावरचा पक्षी पावसाळ्यातच विणीला येतो. नर दिवसातून शेकडो वेळा गवताच्या वर उड्या घेतो, मादी जमिनीवरच अंडी घालते. तिला आडोशापुरतं उंच गवत लागतं आणि भोवती मोकळं रान लागतं. झाडं वाढली की कावळ्यांना अन् शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते आणि खालची अंडी-पिल्लं त्यांच्या नजरेत येतात. हा पक्षी २०२१ पासून जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि आपण त्याच्या विणीच्या तोंडावर त्याचं रान खणून काढलं. काळवीट, चंडोल, तित्तर यांनाही असाच मोकळा माळ लागतो. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे जाऊन बघावं.

अकोला-वाशिमकडच्या फासेपारधी बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, लोकांनी गवताची रानं राखून दाखवली आहेत. तणमोर कुठे उतरतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? त्यांना कोणी विचारलं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कारण तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आमची ई-क्लास पडली महसूल खात्याची. आमच्याकडे ग्रामसभेचा एक ठराव आहे, आणि तो जेसीबीला अडवू शकला नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी. आमची समिती कागदावर आहे, पण चर आखताना तिला कोणी बोलावलं नाही.

उरलेल्या माळावर दुसऱ्या टप्प्याचं खोदकाम होणार असं आपल्याच बातमीत आहे. ते थांबवा, निदान भादवा संपेपर्यंत तरी, एवढं आपण ठळक छापावं. आणि लागवडीआधी गवताचे माळ नकाशावर वेगळे दाखवून तिथे खड्डे घेऊ नयेत, असा आदेश निघेपर्यंत पाठपुरावा करावा. आपल्या पेपरचं नाव आहे, आपण लिहिलं तर दखल घेतील.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. लागवडीच्या दिवशी गाड्यांची रांग लागली होती. मागच्या हिवाळ्यात रोह्यांनी (नीलगायींनी) माझा घाट्यावर आलेला हरभरा एका रात्रीत तुडवला तेव्हा पंचनाम्याला यायला कोणाकडे गाडी नव्हती. अर्ज दिला, पोच घेतली, पुढे काही नाही. जनावर राखणाऱ्याचंच पीक जनावर खातं आणि त्यालाच हेलपाटे घालावे लागतात, मग गवत राखायच्या आमच्या गटात नवी पोरं कशाला येतील? यंदा धुऱ्यापर्यंत तूर पेरली आहे. नुकसानीचे किती अर्ज पडून आहेत, हे आपल्या वार्ताहराने वन खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारावं आणि तेही पहिल्या पानावर छापावं.

आपला,
गवत राखणाऱ्या गटातला एक शेतकरी,
ता. कारंजा, जि. वाशिम